डॉक्सिलचा तुटवडा : कर्करोगावरच्या पहिल्या नॅनोऔषधाचं प्रकरण

२०११ साल निम्मं सरलं तेव्हा अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांपुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. बीजांडकोशाचा (ओव्हरीचा) कर्करोग उलटलेल्या बायकांना महिन्यातून एकदा दिलं जाणारं डॉक्सिल मिळेनासं झालं. कंपनी होती जॉन्सन अँड जॉन्सनच्या समूहातली जॅन्सेन. तिने प्रतीक्षायादी सुरू केली. डॉक्टरांनी रुग्णाचं नाव नोंदवायचं आणि माल आला की त्या रुग्णापुरत्या व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) सुटायच्या. युरोपात हेच औषध केलिक्स नावाने मिळतं. तिथल्या औषध नियामकांनी तर सांगितलं की नवीन रुग्णाला हे औषध सुरूच करू नका, असलेला साठा उपचार चालू असलेल्यांसाठी राखून ठेवा.

डॉक्सिलमधलं मूळ औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते मुबलक होतं, स्वस्त होतं, आणि कर्करोगाच्या प्रत्येक वॉर्डात १९७० च्या दशकापासून वापरात होतं. तुटवडा पडला होता तो त्या औषधाभोवतीच्या वेष्टनाचा, आणि तेही एक मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढ्या वेष्टनाचा. नॅनोऔषध म्हणजे नेमकं काय, ते कुठे उपयोगी पडतं आणि कुठे अडतं, हे समजून घ्यायला या प्रकरणाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

औषध जुनं, पिशवी नवी

डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं. पेशीच्या डीएनएत घुसून ते तिचं विभाजन रोखतं. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, सार्कोमा अशा कितीतरी आजारांत त्याने माणसं वाचवली आहेत. पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करतं, आणि ही इजा साठत जाते. आयुष्यभरात शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे एखाद्या बाईची गाठ या औषधाला छान दाद देत असली तरी एका टप्प्यावर डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागतो.

शिरेतून दिलेलं साधं डॉक्सोरुबिसिन काही मिनिटांतच रक्तातून निघून सगळ्या शरीरात पसरतं. त्याला रक्तात धरून ठेवता आलं आणि गाठीजवळ सोडता आलं तर? जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले जीवरसायनतज्ज्ञ येखेझ्केल बारेनहोल्झ आणि हदासा रुग्णालयातले कर्करोगतज्ज्ञ अल्बेर्तो गाबिझोन यांनी या प्रश्नावर १९८० चं दशक खर्च केलं. चरबीच्या दुहेरी पडद्याची पोकळ पिशवी, म्हणजे लिपोसोम, ही इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिली होती. तिच्यात औषध भरायचं, एवढी कल्पना अनेकांना सुचली होती. जेरुसलेममधल्या पहिल्या प्रयत्नात रुग्णांवर चाचण्याही झाल्या, पण हाती फारसं काही लागलं नाही. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी या पिशव्या रक्तातून भराभर उचलून नेत होत्या, आणि औषधही वाटेतच गळत होतं.

दोन्ही अडचणींवर उपाय निघाले. पहिला उपाय पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा. या रेणूच्या लांब साखळ्या पिशवीच्या बाहेरच्या अंगाला लावल्या की त्यांच्याभोवती पाण्याचा थर धरला जातो, रक्तातली प्रथिनं चटकन चिकटत नाहीत आणि भक्षक पेशींना पिशवी सहजी ओळखता येत नाही.

दुसरा उपाय मला या सगळ्या कहाणीतला सर्वात देखणा भाग वाटतो. आधी अमोनियम सल्फेटच्या द्रावणात रिकामे लिपोसोम बनवतात, मग बाहेरचं अमोनियम सल्फेट काढून टाकतात. आतला अमोनिया हळूहळू पडद्यातून बाहेर निसटतो आणि आतलं पाणी आम्लधर्मी होतं. आता बाहेर डॉक्सोरुबिसिन मिसळलं की त्याचा विद्युतभार नसलेला रेणू पडदा ओलांडून आत शिरतो. आत गेल्यावर त्याच्यावर धनभार चढतो, आणि भार चढलेल्या रेणूला पडदा ओलांडून परत येता येत नाही. तिथे सल्फेटशी जोडी जमून त्याचे स्फटिक होतात. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अशी भरलेली पिशवी मध्ये रेघ असलेल्या कॉफीच्या बीसारखी दिसते. ती रेघ म्हणजे औषधाचा स्फटिक. मिसळलेल्यापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त औषध अशा रीतीने आत जातं आणि एकेका पिशवीत दहा हजारांच्या वर रेणू मावतात. पिशवीचा व्यास ऐंशी ते शंभर नॅनोमीटर.

परिणाम लगेच दिसला. गाबिझोन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, कर्करोगामुळे छातीत किंवा पोटात साठलेल्या पाण्यात साध्या औषधाच्या तुलनेत चार ते सोळा पट औषध पोचलं होतं. रक्तात ते तासन्‌तास नव्हे, दिवसेंदिवस टिकत होतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ५५ तास लागत. यामागचं कारण जपानमध्ये कुमामोतोच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ सालीच मांडलं होतं. गाठीतल्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात, त्यातून मोठे कण बाहेर झिरपतात, आणि लसिकावाहिन्यांचा निचरा नीट नसल्यामुळे तिथेच अडकून राहतात.

नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्सिलला परवानगी दिली, आधी एड्सच्या रुग्णांमधल्या कापोसी सार्कोमा या कर्करोगासाठी. १९९९ मध्ये बीजांडकोशाचा कर्करोग आणि २००७ मध्ये मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग जोडला गेला.

काय मिळालं, काय नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण नॅनो म्हटलं की वर्तमानपत्रांतून 'गाठीवर अचूक मारा' असलं काहीतरी छापून येतं आणि घरची माणसं त्या आशेवर लाखांचे हिशेब करतात.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या ५०९ बायकांना दोन गटांत वाटलं होतं. एका गटाला साधं डॉक्सोरुबिसिन, दुसऱ्याला लिपोसोममधलं. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ साध्या औषधात ७.८ महिने, लिपोसोममध्ये ६.९ महिने निघाला. एकूण आयुर्मान २२ आणि २१ महिने. म्हणजे गुणात दोन्ही सारखीच. फरक पडला तो हृदयात. हृदयाला इजा होण्याचा धोका साध्या औषधात तिपटीहून जास्त होता. केस गळणं, मळमळ, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरणं हेही लिपोसोममध्ये कमी होतं.

त्याच्या बदल्यात एक नवा त्रास आला. रक्तात दिवसेंदिवस फिरणाऱ्या या पिशव्या तळहात-तळपायाच्या बारीक केशवाहिन्यांतून, जिथे दाब आणि घर्षण जास्त तिथून, त्वचेत झिरपतात. हातपाय लाल होतात, आग होते, कातडी सोलते, फोड येतात. बीजांडकोशाच्या कर्करोगात दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या डोसावर निम्म्या रुग्णांना हा त्रास झाला आणि जवळपास चौथ्या हिश्शाला तो गंभीर होता. त्यामुळे सिस्टर सांगतात की डोसानंतरचे काही दिवस गरम पाण्याने भांडी घासू नका, घट्ट चपला घालू नका, जास्त चालू नका. पाटा-वरवंटा, कपडे पिळणं, हातात जड पिशवी धरून बाजारातून येणं हे सगळं त्यात आलं.

तेव्हा डॉक्सिलचं मोल असं आहे की तेवढाच गुण येतो आणि हृदय वाचतं. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या बाईचा आजार दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा उलटलाय, तिला महिन्यातून एकदाच रुग्णालयात येऊन, केस न गमावता, हृदयाची धास्ती कमी ठेवून उपचार चालू ठेवता येणं याला काय किंमत लावायची?

एकच कारखाना

आणि हेच औषध २०११ मध्ये संपलं. त्याचं कारण विज्ञानात नव्हतं. जॅन्सेन डॉक्सिल स्वतः बनवत नव्हती. ओहायो राज्यातल्या बेडफर्ड गावातली बेन व्हेन्यू लॅबोरेटरीज ही कंत्राटी कंपनी ते बनवून देत होती. तिची मालकी जर्मनीच्या बोहरिंगर इंगेलहाइमकडे होती. अमेरिकेसाठी, युरोपसाठी, सगळीकडचं उत्पादन याच कारखान्यावर टेकलेलं. तपासण्यांमध्ये कारखान्याच्या दर्जाबद्दल प्रश्न निघाले, कंपनीने २०११ मध्ये कंत्राटी उत्पादनातून अंग काढून घेण्याचं जाहीर केलं, आणि नोव्हेंबरमध्ये उत्पादनच थांबवलं.

एरवी गोळ्यांचा कारखाना बंद पडला तर दुसरा काही महिन्यांत उभा राहतो. इथे तसं होण्यासारखं नव्हतं. लिपोसोम ठरावीक छिद्रांच्या पडद्यातून दाबाने ढकलून एका मापाचे करावे लागतात. भरलेल्या व्हायल उकळत्या वाफेत निर्जंतुक करता येत नाहीत, कारण उष्णतेने पडदा मोडेल. म्हणून गाळून निर्जंतुकीकरण करायचं आणि पुढचं सगळं भरण निर्जंतुक खोलीत व्हायला हवं. पडद्यातल्या चरबीचं, कोलेस्टेरॉलचं आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण जरा इकडचं तिकडे झालं, किंवा आतला स्फटिक वेगळा जमला, तर औषध गळण्याचा वेग बदलतो. वेग बदलला की ते गाठीत किती आणि हृदयात किती पोचणार, हेही बदलतं. कागदावर तेच २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर डॉक्सोरुबिसिन असलं तरी ते वेगळं औषध झालेलं असतं.

तुटवड्यात डॉक्टरांपुढे जे पर्याय होते ते कोणालाच आवडणारे नव्हते. बीजांडकोशाच्या कर्करोगात गाठीने प्लॅटिनमयुक्त केमो औषधांना दाद देणं थांबवल्यावर टोपोटेकान, दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल, जेमसिटॅबिन अशी औषधं आहेत. पण चालू औषधाने गाठ आटोक्यात असताना केवळ माल नाही म्हणून औषध बदलायचं हे रुग्णाला कोणत्या तोंडाने सांगणार? साधं डॉक्सोरुबिसिन हाताशी होतं, पण हृदयाचं जे संरक्षण लिपोसोममुळे मिळत होतं ते गेलं असतं.

३१ ऑक्टोबर २०११ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी औषधांच्या तुटवड्यांबद्दल आदेश काढला. तुटवडा फक्त डॉक्सिलचा नव्हता, मुलांच्या ल्युकेमियात लागणारं मेथोट्रेक्सेटही कमी पडत होतं. पुढे जुलै २०१२ च्या कायद्याने कंपन्यांना असा खंड पडणार असेल तर आधी कळवणं बंधनकारक झालं.

मुंबईच्या कंपनीची व्हायल

२१ फेब्रुवारी २०१२ रोजी अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की तात्पुरती सोय म्हणून लिपोडॉक्स आयात करू देऊ. लिपोडॉक्स हे मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचं औषध. अमेरिकेत त्याला मंजुरी नव्हती, पण भारतात ते आधीपासून दिलं जात होतं. वितरण सनच्याच डेट्रॉइटमधल्या कॅराको या कंपनीमार्फत ठरलं. एखाद्या भारतीय कंपनीचं, अमेरिकेत मंजूर नसलेलं नॅनोऔषध तिथल्या कर्करोगरुग्णांना सरकारी संमतीने देण्याची वेळ यावी ही साधी घटना नव्हे. आपल्याकडे मात्र तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही याची मला खंत वाटते.

वॉर्डात व्हायल पोचल्यावरही काळजी संपत नाही. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठवायचं नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, नॉर्मल सलाइनमध्ये नाही. नळीत फिल्टर लावायचा नाही. पहिला डोस मिनिटाला १ मिलिग्रॅम अशा संथ वेगाने सुरू करायचा, कारण काही रुग्णांना पहिल्या मिनिटांतच तोंड लाल होणं, धाप लागणं, छातीत आवळणं असं होतं. सर्वात घातक चूक म्हणजे साधं डॉक्सोरुबिसिन आणि लिपोसोमचं एकमेकांच्या जागी वापरणं. दोन्ही लाल, दोन्हींच्या नावात डॉक्सोरुबिसिन. पण बाटली उजेडासमोर धरली तर साधं औषध स्वच्छ पारदर्शक दिसतं आणि लिपोसोमचं किंचित धूसर.

आता खरा प्रश्न येतो. लिपोडॉक्स आणि डॉक्सिल एकच आहेत का? गोळीच्या बाबतीत उत्तर सोपं असतं. निरोगी माणसांना दोन्ही गोळ्या देऊन रक्तातलं प्रमाण तपासलं की झालं. इथे निरोगी माणसाला केमो देता येत नाही, आणि रक्तातलं एकूण औषध मोजून पुरतही नाही, कारण पिशवीत बंद असलेलं औषध रक्तात असून नसल्यासारखं असतं. म्हणूनच अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे तुटवड्याच्या आधीच, जेनेरिकसाठी आपल्या अपेक्षा मसुद्यात लिहून ठेवल्या होत्या : घटक तेच, औषध भरण्याची अमोनियम सल्फेटची पद्धत तीच, पिशवीची मापं आणि गळण्याचा वेग जुळता, आणि रुग्णांच्या रक्तात बंद आणि मोकळं औषध वेगवेगळं मोजून दोन्ही जुळलेली. या कसोट्यांवर सनच्या औषधाला फेब्रुवारी २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. डॉक्सिलचं ते पहिलं जेनेरिक.

तुटवड्याच्या काळात लिपोडॉक्स मिळालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी चाळून काही डॉक्टरांनी तुलनाही केल्या, आणि त्यातल्या एकीत लिपोडॉक्सला गाठीची दाद कमी दिसली. रुग्ण थोडे होते आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे त्यावरून औषधाला नावं ठेवणं बरोबर नाही. पण असा संशय आल्यावर तो फेडायचा कसा, ही अडचण उरतेच. औषध त्या गाठीत पोचलं का, एवढं पाहता आलं असतं तर बरंच काही उलगडलं असतं.

पोचलं का, हे पाहणं

आणि ते पाहता येतं. २००१ साली लंडनमधल्या हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी डॉक्सिलसारखेच लिपोसोम घेतले, औषधाऐवजी त्यात इंडियम-१११ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य भरलं आणि १७ रुग्णांना दिलं. गॅमा कॅमेऱ्याखाली १५ जणांच्या गाठी उजळून दिसल्या. मोजल्यावर कळलं की दिलेल्या मात्रेपैकी ७२ तासांनी गाठीत अर्धा ते साडेतीन टक्केच होतं. आणि प्रत्येक कर्करोगात ते वेगळं. गाठ एक किलोची असती तर तिच्यात मात्रेचा किती हिस्सा असता, असा हिशेब केला तर डोक्या-मानेच्या गाठींत सरासरी ३३ टक्के, फुप्फुसाच्या गाठींत सुमारे १८, स्तनाच्या गाठींत फक्त पाचच्या आसपास.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा स्तनाच्या कर्करोगातली ती २००४ ची चाचणी लगेच आठवली. त्या चाचणीचं हेच कारण, असा निष्कर्ष मी काढणार नाही; इतक्या थोड्या रुग्णांवरून तो काढता येत नाही. पण औषध पोचतच नसेल तर त्याच्याकडून जास्त गुणाची अपेक्षा का धरायची, हा प्रश्न रास्त आहे.

पुढे केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या मेरिमॅक कंपनीने लिपोसोमवर एचईआर-२ (काही स्तनाच्या कर्करोगांच्या पेशींवर जास्त असणारं प्रथिन) ओळखणारे प्रतिपिंडाचे तुकडे लावून एमएम-३०२ बनवलं आणि त्यात तांब्याचं किरणोत्सर्गी रूप, तांबं-६४, भरून १९ रुग्णांचं पेट स्कॅन केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत गाठीगाठींमध्ये पोचलेल्या औषधाचा फरक पस्तीस पट निघाला. एकाच बाईच्या दोन गाठींतही तो सारखा नव्हता. ज्यांच्या गाठींत जास्त पोचलं त्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. पण त्याच औषधाची मोठी चाचणी, हर्मायनी, फायदा दिसत नसल्याने डिसेंबर २०१६ मध्येच थांबवावी लागली होती. त्या चाचणीत कुणाच्या गाठीत औषध पोचतं हे आधी स्कॅन करून रुग्ण निवडलेले नव्हते.

मला इथे राग येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कोणाच्या गाठीत पिशवी पोचते हे पाहण्याची रीत २००१ पासून माहीत आहे. तरी रोजच्या उपचारांत डोस ठरतो तो उंची-वजनावरून, आणि पोचलं की नाही याचा अंदाज तीन महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये गाठ वाढली की कमी झाली यावरून. किरणोत्सर्गी खूण लावणं महाग आहे, तेवढ्या सोयीची रुग्णालयं थोडी आहेत आणि औषध कंपनीला त्यातून थेट विक्री वाढत नाही, ही कारणं मला मान्य आहेत. पण त्या तीन महिन्यांत ज्या बाईला फक्त हातापायांची कातडी सोलली गेली आणि गाठीत काहीच पोचलं नाही, तिच्यासाठी ही कारणं पुरेशी नाहीत.

सध्या

बेन व्हेन्यूने ऑक्टोबर २०१३ मध्ये कारखाना कायमचा बंद करण्याचं जाहीर केलं. डॉक्सिलच्या जेनेरिकला त्यानंतर आणखी भारतीय कंपन्यांनीही मंजुरी मिळवली, त्यामुळे एका गावातल्या एका कारखान्यावर जगाने अवलंबून राहण्याची स्थिती आता तशी राहिलेली नाही.

भारतात लिपोसोमचं डॉक्सोरुबिसिन अनेक नावांनी मिळतं आणि किमतींत बराच फरक असतो. रुग्णालयाच्या मेडिकलमध्ये एका महिन्यात एक ब्रँड, पुढच्या महिन्यात दुसरा, असं सहज होऊ शकतं. ज्या घरात हा उपचार चालू आहे त्यांनी प्रत्येक डोसाच्या वेळी व्हायलवरचं नाव आणि बॅच नंबर फाइलमध्ये लिहून घ्यावा, आणि ब्रँड बदलला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. हातापायांची आग या वेळी जास्त झाली की कमी, किती दिवस राहिली, हेही त्यासोबत नोंदवावं. पुढचा डोस कमी करायचा, पुढे ढकलायचा की तसाच द्यायचा, हे ठरवताना डॉक्टरांना ही नोंद लागते, आणि एकच औषध समजून दिलेल्या दोन व्हायलींमध्ये काही फरक पडला का, हे तपासायलाही तीच हाताशी असते.